शिलालेख वाचणारा डॉक्टर

खानदेशातल्या माणसाला पाटणादेवीची वाट सांगावी लागत नाही. चाळीसगाव सोडले की सातमाळ्याच्या रांगेच्या पायथ्याशी पाटणे गाव येते, चंडिकेचे मंदिर येते. नवरात्रात तर या वाटेवर माणसांची रीघ असते. थोर गणिती भास्कराचार्यांचे नाव या परिसराशी जोडलेले आहे, हेही इथल्या शाळकरी मुलांना ठाऊक असते. पण हे आपल्याला कळले कशावरून? पाटण्याच्या एका शिलालेखावरून. शके ११२८ चा हा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा राजज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ पुढच्या पिढ्यांना शिकवले जावेत म्हणून त्याने येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव यांनी त्या मठाला दाने दिली, असे हा लेख सांगतो. लेखाच्या शेवटच्या भागाची भाषा जुनी मराठी आहे. मठासाठी कोणी काय द्यावे याची यादीच तेथे आहे. त्यात घाण्यामागे द्यायच्या तेलाचाही हिशेब आहे.

हा लेख लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून विद्वानांच्या जगापुढे आला तो १८६५ मध्ये. तो पुढे आणणारा माणूस पेशाने इतिहासकार नव्हता. तो मुंबईतला भरपूर रोगी तपासणारा, रात्री-अपरात्री बोलावणे आले तर निघणारा एक डॉक्टर होता. त्याचे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरात त्याला भाऊ म्हणत आणि वडिलांना दाजी. जगाला तो डॉ. भाऊ दाजी म्हणूनच माहीत झाला.

आज भाऊ दाजींचे नाव आपण ऐकतो ते मुंबईतील भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयामुळे. पण या माणसाने वैद्यक या विषयात जे करून पाहिले, त्याची आठवण फार थोड्यांना आहे. जुने आयुर्वेदाचे ग्रंथ आणि नवे पाश्चात्त्य वैद्यक यांचा मेळ घालता येईल काय, हा प्रश्न आज घरोघरी चर्चिला जातो. एकाच घरात सासूबाईंचा काढा आणि सूनबाईंची गोळी यांवरून रुसवे-फुगवे होतात. हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी भाऊ दाजींनी स्वतःला घातला होता आणि त्याचे उत्तर ते रोग्याच्या खाटेपाशी शोधत होते.

पहिल्या आठांतला एक

भाऊ दाजींचा जन्म १८२२ चा, गोव्याच्या पेडणे भागातला. घरची स्थिती बेताचीच. मुलाची बुद्धिबळातली हुशारी पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना त्याला इंग्रजी शिकवण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. कुटुंब मुंबईला आले आणि भाऊ एल्फिन्स्टन संस्थेत शिकू लागला, पुढे तेथेच शिक्षकही झाला. काठेवाड आणि कच्छमधील बालिकाहत्येच्या दुष्ट चालीवर त्याने लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शेजारीच सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय उभे राहिले होते. मास्तरकीची बरी चाललेली नोकरी सोडून भाऊ दाजी या नव्या कॉलेजात दाखल झाले. ज्या काळात प्रेताला हात लावणे म्हणजे विटाळ, त्या काळात शवविच्छेदन करून शरीर शिकायचे, हे धाडसच होते. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या आठ पदवीधरांत भाऊ दाजी होते. याच तुकडीत डॉ. आत्माराम पांडुरंग होते. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता.

लवकरच भाऊ दाजींचा जम बसला. धाकटे बंधू नारायण हेही डॉक्टर झाले. दोघा भावांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. श्रीमंतांकडून मिळालेला पैसा एका हाताने येई आणि औषधे, पुस्तके, हस्तलिखिते, गरजू विद्यार्थी यांच्यापायी दुसऱ्या हाताने जाई.

डॉक्टरीच्या जोडीने सार्वजनिक कामे होतीच. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक सचिव. मुलींच्या शाळा चालवणाऱ्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे ते अध्यक्ष. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले तेव्हा पहिल्या फेलोंमध्ये त्यांचे नाव होते. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.

पोथी आणि पारख

ग्रँट मेडिकलमध्ये शिकलेल्या तरुणाने आपल्या जुन्या वैद्यकाला नाके मुरडणे, हे त्या काळात सोपे होते. शिकवणाऱ्या गोऱ्या प्राध्यापकांची तीच समजूत होती. दुसऱ्या बाजूला, पूर्वजांनी लिहिले ते सगळे खरेच असणार, असे मानणारे लोकही होते. भाऊ दाजींनी यांतली कोणतीच वाट धरली नाही. त्यांनी संस्कृतचा कसून अभ्यास केला. जुन्या वैद्यकग्रंथांत ज्या वनस्पतींचे गुण वर्णिले आहेत त्या प्रत्यक्षात कोणत्या, कोठे मिळतात आणि रोग्यावर त्यांचा खरोखर काय परिणाम होतो, हे त्यांना तपासायचे होते.

या अभ्यासाने त्यांना एका वेगळ्याच रानात नेले. वैद्यकाच्या पोथ्या वाचायच्या तर त्या कोणत्या शतकातल्या, हे कळले पाहिजे. ते कळायचे तर राजवंशांचा काळ कळला पाहिजे, आणि राजवंश कळायचे तर ताम्रपट व शिलालेख वाचले पाहिजेत. मग डॉक्टरसाहेब फुरसत मिळेल तेव्हा लेणी आणि पडकी देवळे धुंडाळू लागले. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाला त्यांनी मुंबईस बोलावून घेतले आणि लेखांचे ठसे व नकला आणण्यासाठी देशभर पाठवले. हेच भगवानलाल पुढे भारतातील अग्रगण्य पुरातत्त्वज्ञ म्हणून गाजले.

जळगावहून साठेक किलोमीटरवर असलेले अजिंठा त्या वेळी निजामाच्या मुलखात होते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडल्यापासून तेथील चित्रांची ख्याती युरोपात पोचली होती. मेजर रॉबर्ट गिल हा चित्रकार १८४४ पासून तेथे मुक्काम ठोकून नकला काढत होता. त्याची कबर आजही भुसावळला आहे. चित्रे पाहायला येणारे पुष्कळ होते, पण भिंतींवरची अक्षरे वाचणारे कमी. अजिंठ्याच्या लेखांचे वाचन भाऊ दाजींनी १८६३ मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे ठेवले. सोळाव्या लेण्यातील लेखात वाकाटक राजांची वंशावळ आहे आणि हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने हे लेणे खोदवल्याची नोंद आहे. झिजलेल्या त्या लेखातले सगळेच त्यांना बरोबर लागले असे नाही. पुढे भगवानलालांनी आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यात दुरुस्त्या केल्या. पण दुरुस्ती करता आली, कारण भाऊ दाजींनी आपले वाचन छापून सर्वांसमोर मांडले होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

न्यायालयातली साक्ष

१८६२ मध्ये मुंबईत एक खटला फार गाजला. करसनदास मुळजी या सुधारक पत्रकाराने आपल्या गुजराती पत्रातून वैष्णव पंथाच्या काही महाराजांच्या वर्तनावर कोरडे ओढले होते. जदुनाथजी महाराजांनी त्याच्यावर पन्नास हजारांची अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. मुंबईतील धनाढ्य व्यापारी महाराजांच्या पाठीशी होते. साक्षीला उभे राहिले तर जातीतून बहिष्कार, धंद्यात खोट, अशी परिस्थिती होती.

या खटल्यात करसनदासच्या बाजूने डॉ. भाऊ दाजी साक्षीदार म्हणून उभे राहिले. महाराज आपल्याकडे गुप्तरोगावर उपचार घेत होते, असे त्यांनी शपथेवर सांगितले. रोग्याचे गुपित डॉक्टरने उघड करावे की नाही, यावर आजही वाद होऊ शकतो. पण श्रीमंत रोग्यांच्या जीवावर चालणारा व्यवसाय असताना श्रीमंतांचा रोष ओढवून घेणारी ही साक्ष होती. एप्रिल १८६२ मध्ये मुख्य मुद्द्यावर निकाल करसनदासच्या बाजूने लागला.

महारोगाशी गाठ

भाऊ दाजींच्या वैद्यकीय आयुष्यातले सर्वांत मोठे काम मात्र कुष्ठरोगावरचे. तेव्हा लोक त्याला महारोग म्हणत. ज्याला तो झाला त्याचे घर तुटे, गाव तुटे. देवळाच्या पायऱ्यांवर किंवा नदीच्या घाटावर भीक मागत दिवस काढणे, एवढेच बहुतेकांच्या नशिबी येई. भाऊ दाजींनी ज्या काळात या रोगाला हात घातला, त्या काळात त्याचे कारणच कोणाला ठाऊक नव्हते. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांना त्याचा जंतू दिसला तो १८७३ मध्ये. तोवर कोणी म्हणे रक्तातून येतो, कोणी म्हणे पूर्वजन्मीचे पाप.

आणि अनेक जण म्हणत, खाण्यातून येतो. लंडनचे नामवंत शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी तर नीट न टिकवलेले मासे खाल्ल्याने हा रोग होतो, असे मत मांडले आणि ते आयुष्यभर सोडले नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ब्रिटिश साम्राज्यभरातून माहिती मागवून १८६७ मध्ये मोठा अहवाल काढला. त्याचा निष्कर्ष असा, की हा रोग संसर्गाने पसरत नाही. चांगला आहार आणि स्वच्छता हाच त्यावरचा मार्ग. संसर्गाबाबत हा अहवाल चुकला. पण जोवर औषध नाही तोवर रोग्याला निदान पोटभर आणि सकस अन्न द्यावे, हे त्याचे सांगणे वावगे नव्हते.

आपल्याकडे या रोगाचा विचार फार जुना. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या वृक्षाचे वर्णन आहे. पश्चिम समुद्राच्या किनाऱ्यावर, वाऱ्याने हलणारी ही झाडे वाढतात, पावसाळ्यात त्यांची पिकलेली फळे गोळा करावीत, बियांचे तेल काढावे, पंधरवडाभर ते शेणाच्या ढिगात पुरून ठेवावे आणि मग रोग्याला ठरलेल्या रीतीने पाजावे, असे तेथे सांगितले आहे. तेलाबरोबर पथ्यही आहे. औषध घेतल्याच्या संध्याकाळी तेल-मीठ नसलेली थंड पेज आणि मग पंधरा दिवस मुगाचे कढण व भात. औषध आणि अन्न यांची फारकत त्या वैद्यकाला मान्यच नव्हती. आजारी माणसाला आजही आपण मुगाचे कढण देतो, ते याच परंपरेतले.

तुवरक म्हणजे आपल्या सह्याद्रीतले कडू कवठ, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कवठासारखे टणक, गोल फळ आणि आत तेलकट बिया. बंगालकडे याच कुळातल्या झाडाच्या तेलाला चालमुग्रा म्हणत. कलकत्त्याच्या डॉ. मोअट यांनी १८५४ मध्ये त्याची माहिती पाश्चात्त्य डॉक्टरांपुढे ठेवली होती. भाऊ दाजींनी १८६० च्या दशकात आपल्या रोग्यांवर जे औषध वापरले ते या कडू कवठाच्या बियांचे. रोग्यांना उतार पडतो आहे, अशी बातमी पसरली. लांबलांबून महारोगी त्यांच्याकडे येऊ लागले.

न उघडलेले गुपित

येथे या गोष्टीला एक खेदाचे वळण आहे. अजिंठ्याचा एकेक अक्षरलेख छापून जगापुढे ठेवणाऱ्या भाऊ दाजींनी महारोगावरचे औषध कशाचे आहे, हे मात्र जाहीर केले नाही. पुरता पडताळा येईपर्यंत त्यांनी ते स्वतःजवळच ठेवले. युरोपीय डॉक्टरांनी यावर टीका केली. जे औषध दाखवले जात नाही त्याची परीक्षा कशी करायची, हा त्यांचा सवाल रास्तच होता.

भाऊ दाजींनी असे का केले असावे? अर्धवट माहिती बाहेर गेली तर भोंदू वैद्य तिचा बाजार मांडतील, ही भीती असेल. एतद्देशीय डॉक्टरने शोधलेले श्रेय दुसराच कोणी लाटेल, ही शंकाही असेल. पिढीजात औषध गुप्त ठेवण्याची आपल्याकडची जुनी चालही अंगात मुरलेली असेल. कारण काहीही असो, त्यासाठी हवा होता तो वेळ त्यांना मिळाला नाही.

त्याच दशकात खानदेशच्या कापसाशी जोडलेले एक वादळ मुंबईवर येऊन गेले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावची कापसाची पेठ याच काळात भरभराटीला आली. मुंबईत पैशाचा पूर आला आणि जो तो शेअर घेऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि लखपती रस्त्यावर आले. भाऊ दाजींची कमाईही या लाटेत बुडाली. तरी दवाखाना आणि अभ्यास त्यांनी सोडला नाही. पुढे पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळवले आणि मे १८७४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे बावन्नच्या आत. त्यांचे भगवानलाल त्या वेळी नेपाळात शिलालेखांच्या शोधात होते.

त्यांचे लेखन गोळा करून १८८८ मध्ये कलकत्त्याहून पुस्तकरूपाने निघाले. त्यात शिलालेख आहेत, कालिदास आहे, ज्योतिषी आहेत. महारोगाच्या औषधाचा कोणाला किती प्रमाणात दिले, किती जण बरे झाले, किती जणांना उपयोग झाला नाही, असा पद्धतशीर लेखाजोखा मात्र मागे राहिला नाही. ते औषध कडू कवठाचे होते, एवढी नोंद नंतरच्या वनौषधींच्या ग्रंथांत उरली.

पुढे काय झाले

भाऊ दाजींचा अंदाज मात्र खोटा नव्हता. या कुळातल्या बियांचे तेल पुढे जगभर कुष्ठरोगावर वापरले गेले. पोटात घेतले की मळमळ, टोचले की गाठी, अशी त्याची अडचण होती. हवाई बेटांवरील ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने १९१५-१६ च्या सुमारास ते टोचून घेण्याजोगे करण्याची रीत काढली. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे येईपर्यंत हेच तेल रोग्यांचा आधार होते. त्याने रोग हमखास बरा होत नसे, हेही खरे. आज दोन-तीन औषधे एकत्र देण्याची बहुविध उपचारपद्धती आहे. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते आणि सहा महिने ते वर्षभरात रोगी बरा होतो. अंगावर बधिर चट्टा दिसला तर कोणत्याही तेलाच्या मागे न लागता तेथेच जावे.

जुन्या औषधाची नीट परीक्षा कशी करावी, याचा धडा मुंबईनेच पुढे घालून दिला. सर्पगंधा ही मुळी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरली जात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती वाढलेल्या रक्तदाबाच्या रोग्यांना दिली, मोजमापे ठेवली आणि १९४९ मध्ये इंग्लंडमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात सगळे छापून टाकले. जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचले, तपासले, आणि रक्तदाबावरील उपचारांचे एक नवे दालन उघडले. भाऊ दाजींच्या आणि वकिलांच्या वाटेत फरक एवढाच, की वकिलांनी आपली वही उघडून दाखवली.

आज आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांचा संगम हा परवलीचा शब्द झाला आहे. जळगाव-धुळ्याच्या बाजारातही मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यावर रामबाण म्हणून गुप्त नुस्खे विकले जातात. अशा वेळी भाऊ दाजींच्या आयुष्याकडे दोन्ही अंगांनी पाहावे. परंपरेतले ज्ञान टाकाऊ न मानता तपासायला घेणारा हा पहिल्या पिढीचा डॉक्टर होता. आणि जे तपासले ते सर्वांसमोर मांडले नाही तर त्याचा उपयोग त्या माणसाबरोबरच संपतो, हेही त्याच्याच आयुष्यातून दिसते. घरात एखादे नवे औषध आले, मग ते काढा असो की कॅप्सूल, की त्यात काय आहे, ते कोणी आणि किती रोग्यांवर तपासले आहे, आणि त्याबरोबर खाण्यापिण्याचे पथ्य कोणते, हे तीन प्रश्न आपण विचारलेच पाहिजेत.

भायखळ्याच्या ज्या संग्रहालयाच्या उभारणीसाठी भाऊ दाजी झटले, ते १८७२ मध्ये राणी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने उघडले. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. मुंबईला गेलात तर मुलांना ते अवश्य दाखवा. पण त्यासाठी मुंबईपर्यंत जायलाच हवे असेही नाही. पुढच्या वेळी पाटणादेवीला जाल, अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात उभे राहाल, तेव्हा ही अक्षरे वाचू पाहणाऱ्या एका डॉक्टरची गोष्ट मुलांना तेथेच सांगता येईल.